झोपेतील स्पर्श आणि संमती : काय समजून घ्यावे आणि काय करावे

झोपलेली व्यक्ती संमती देऊ शकत नाही. हे वाक्य इतके सरळ आहे की ते ऐकताना सहसा कुणी हरकत घेत नाही. वाद सुरू होतो तो त्याच्यापुढे 'पण' लागला की. पण ती माझी बायको आहे, पण आम्ही इतकी वर्षे एकत्र आहोत, पण संध्याकाळी तोच जवळ आला होता, पण तिने नको असे म्हटले नाही. या लेखाचा बराचसा भाग अशा 'पण'ना उत्तर देण्यात जाईल आणि उरलेला, ज्यांच्या बाबतीत हे घडून गेले आहे त्यांनी पुढच्या काही तासांत, दिवसांत आणि महिन्यांत काय करावे, याविषयी आहे. पीडित व्यक्ती स्त्री असेल, पुरुष असेल किंवा तृतीयपंथी, पुढची जवळपास प्रत्येक गोष्ट सारखीच लागू होते. जिथे कायदा भेद करतो तिथे तसे सांगितले आहे.

झोपेत शरीर काय करते, हे आधी समजून घ्या

झोपेत अत्याचार झालेल्या व्यक्तीला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तुला जाग कशी आली नाही?" पोलीस विचारतात, नातेवाईक विचारतात आणि रात्री एकटी असताना ती व्यक्ती स्वतःलाही विचारते. त्याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. प्रौढांच्या झोपेचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे असते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ, संथ लहरींची झोप अधिक असते आणि त्या अवस्थेत माणसाला हाक मारली, हलवले, तरी तो चटकन उठत नाही. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. तिच्यात मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ निश्चल करून ठेवतो. त्यात मद्य, झोपेची गोळी, ॲलर्जीवरचे गुंगी आणणारे औषध किंवा दोन रात्रींचे जागरण यांची भर पडली, तर जाग येण्याचा उंबरठा आणखी वर जातो. जाग न येणे यात संशयास्पद असे काहीही नाही.

जाग आल्यानंतरचा काळही फसवा असतो. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, तो एखादा शब्दही बोलतो, परंतु विचारशक्ती आणि निर्णयशक्ती ताळ्यावर यायला बहुधा पंधरा ते तीस मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. "दिवा बंद करू का?" असे अर्धवट झोपेतल्या माणसाला विचारले की तो "हं" म्हणतो, "दिवा चालू ठेवू का?" असे विचारले तरीही "हं"च म्हणतो आणि सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. या "हं"ला होकार मानून कुणी पुढे जात असेल, तर त्याला होकार ऐकू आलेला नसतो, हवा असतो.

शरीराच्या प्रतिसादाचेही असेच आहे. स्वप्नांच्या झोपेत निरोगी पुरुषांच्या लिंगाला आपोआप ताठरता येते, स्त्रियांच्या जननेंद्रियांतील रक्तप्रवाहही वाढतो आणि हे कुणाच्याही स्पर्शाविना एका रात्रीत अनेकदा घडते. झोपेत कूस बदलून कुणी बिलगले, कण्हले किंवा शरीराने प्रतिसाद दिला, म्हणजे त्या व्यक्तीची इच्छा होती, असा निष्कर्ष निघत नाही. हा मुद्दा पीडितांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण स्वतःच्या शरीराने दिलेला प्रतिसाद आठवून अनेक जण वर्षानुवर्षे मनात अपराधी भाव बाळगतात.

मध्येच जाग आली आणि तरीही प्रतिकार करता आला नाही, असेही पुष्कळदा होते. स्टॉकहोममधील बलात्कारपीडितांच्या तातडीच्या उपचारकेंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली; त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी प्रसंगाच्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या गोठल्याचे सांगितले होते. झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, असे आपण टोमण्याच्या सुरात म्हणतो. इथे मात्र ते सोंग हा भीतीपोटी त्या क्षणी सुचलेला एकमेव बचाव असतो आणि तो घेतला म्हणून संमती सिद्ध होत नाही.

जोडप्यांनी काय ठरवावे आणि काय ठरवता येत नाही

संमती ही ठरावीक कृतीसाठी, ठरावीक वेळेपुरती असते आणि ती कोणत्याही क्षणी मागे घेता येते. यातला शेवटचा भागच झोपेत शक्य नसतो. संध्याकाळी दिलेला होकार मध्यरात्री लागू आहे असे धरले, तर मधल्या काळात मन बदलण्याचा हक्क त्या व्यक्तीकडून काढून घेतला जातो. झोपलेल्या माणसाला "आता नको" असे म्हणता येत नाही. म्हणून ते न म्हटल्याचा फायदाही कुणाला घेता येत नाही.

काही जोडपी एकमेकांना आधीच सांगून ठेवतात की मला असे उठवलेले आवडते. यावर माझे मत स्पष्ट आहे : अशी आगाऊ परवानगी फार तर उठवण्याच्या पद्धतीपुरती असू शकते, त्यापुढच्या कृतीसाठी नाही. केसांवरून हात फिरवणे किंवा खांद्याला स्पर्श करून नावाने हाक मारणे हे उठवणे झाले. समोरची व्यक्ती पूर्ण जागी झाली आहे का, हे पाहण्यासाठी तिच्याकडून पूर्ण वाक्यात उत्तर येते का ते पाहावे. "जागी आहेस का? जवळ येऊ का?" यावर ती वळून, आपल्याकडे बघून, समजून बोलली, तर तो होकार किंवा नकार. हुंकार, शांतता किंवा पुन्हा मिटलेले डोळे हा नकार समजावा आणि झोपू द्यावे. यामुळे जवळीक कोरडी होते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ज्या जोडीदाराला आपल्या झोपेला कुणी हात लावणार नाही याची खात्री आहे, तोच निर्धास्त झोपतो.

जोडीदाराकडून हे वारंवार होत असेल, तर त्याविषयी दिवसा, दोघेही पूर्ण जागे असताना आणि शक्यतो शयनगृहाबाहेर बोलावे. वाक्य थेट असावे : "मी झोपेत असताना मला लैंगिक स्पर्श करू नकोस. मला ते चालत नाही आणि पुढेही चालणार नाही." कारणे देण्याची सक्ती स्वतःवर करून घेऊ नये, कारण दिलेल्या प्रत्येक कारणावर वाद घालता येतो. एवढे स्पष्ट सांगूनही ते पुन्हा घडले, तर त्याला गैरसमज म्हणता येत नाही. मग वेगळ्या खोलीत झोपणे, विश्वासातल्या व्यक्तीला सांगणे आणि पुढे दिलेल्या पायऱ्यांचा विचार करणे योग्य ठरते.

कायदा काय म्हणतो

इंग्लंड व वेल्सच्या २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्यात, तक्रारदार व्यक्ती झोपलेली किंवा बेशुद्ध होती असे दिसून आले आणि आरोपीला ते ठाऊक होते, तर संमती नव्हती असे गृहीत धरले जाते आणि त्याविरुद्ध पुरेसा पुरावा पुढे आणण्याची जबाबदारी आरोपीवर येते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याहून पुढचा प्रश्न सोडवला : बेशुद्ध होण्याआधी दिलेली संमती बेशुद्धावस्थेत चालते का? बहुमताचे उत्तर 'नाही' असे होते. संमती देणारे मन संपूर्ण कृतीभर जागृत असले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. स्वीडनच्या २०१८ च्या कायद्यात स्वेच्छेने सहभाग हाच निकष आहे आणि झोपलेल्या व्यक्तीचा सहभाग स्वेच्छेचा मानता येत नाही.

भारतात २०१३ च्या दुरुस्तीनंतर, स्त्री संमती व्यक्त करण्यास असमर्थ असताना केलेला संभोग बलात्काराच्या व्याख्येत आला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद कायम आहे. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे धरता येणार नाही, हेही त्यात लिहिलेले आहे. दोन उणिवा मात्र ठळक आहेत. या कलमात पीडित म्हणून फक्त स्त्रीचा विचार आहे आणि अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग त्यातून वगळलेला आहे. तरीही पतीच्या लैंगिक छळाविरुद्ध २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण मागता येते. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. तिथे मूल झोपलेले होते की जागे, त्याने होकार दिला होता की नाही, हे प्रश्नच गैरलागू ठरतात आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रौढावर ती कळवण्याची सक्ती असते.

'नवऱ्याची परवानगी होती' हा बचाव कुठवर जातो, हे फ्रान्समधील माझाँ गावच्या खटल्यात जगाने पाहिले. जिझेल पेलिको यांचा पती जवळजवळ दहा वर्षे त्यांना नकळत गुंगीची औषधे देत होता आणि परक्या पुरुषांना घरी बोलावत होता. विस्मरणाचे झटके येत असल्याने आपल्याला मेंदूचा आजार जडला असावा, अशी त्यांना भीती वाटत होती, डॉक्टरांच्या फेऱ्याही झाल्या होत्या. सत्य कळले ते २०२० मध्ये, पती वेगळ्याच गुन्ह्यात पकडला गेल्यावर. ती झोपेचे सोंग घेत आहे असे आम्हाला वाटले, असा पवित्रा अनेक आरोपींनी घेतला. १९ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सर्व ५१ आरोपींना दोषी ठरवले आणि पतीला वीस वर्षांची शिक्षा दिली.

घडून गेले असेल, तर पहिले काही तास

सर्वांत आधी सुरक्षित जागी जा. संबंधित व्यक्ती त्याच घरात असेल, तर तिथल्या तिथे जाब विचारण्याच्या फंदात पडू नका. बाहेर पडण्यासाठी कोणतेही निमित्त पुरते. मग एका विश्वासातल्या माणसाला फोन करा किंवा निरोप पाठवा. त्या निरोपाची वेळ आणि मजकूर पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

शक्य असेल, तर तपासणीपूर्वी अंघोळ करू नका, कपडे बदलू नका, तोंड धुऊ नका. पण हे सगळे आधीच करून झाले असेल, तर आता काही उपयोग नाही असे समजून घरी बसू नका. नमुने तरीही मिळू शकतात आणि उपचारांची गरज तर असतेच. कपडे बदललेच, तर ते न धुता प्रत्येक कपडा वेगवेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओलावा कोंडून नमुने खराब होतात. चादर आणि उशीचा अभ्रा यांनाही हेच लागू आहे.

गुंगीचे औषध दिले गेले असावे अशी शंका असेल, तर वेळेशी शर्यत असते. काही औषधे लघवीतून सुमारे बारा तासांतच नाहीशी होतात, काही दोन-तीन दिवस किंवा त्याहून अधिक काळ सापडतात. रुग्णालय लांब असेल आणि लघवी रोखणे अशक्य झाले, तर ती स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत धरून सोबत न्या व डॉक्टरांना वेळ सांगा. बरेच दिवस लोटले असतील, तरी काही औषधांचा माग केसांच्या तपासणीतून लागू शकतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून ही तपासणी घटनेनंतर काही आठवड्यांनी केली जाते. प्यायलेल्या पेयाच्या मानाने नशा फारच जास्त वाटणे, मधले काही तास सलगपणे पुसले जाणे आणि उठल्यावर अंगात न ओसरणारी सुस्ती राहणे, ही लक्षणे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उपचारांच्या मुदती पाठ असायला हव्यात अशा आहेत. एचआयव्हीपासून बचावाची औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्यांपैकी लेव्होनॉरजेस्ट्रेल ७२ तासांपर्यंत आणि युलिप्रिस्टल १२० तासांपर्यंत घेता येते. तांबीही पाच दिवसांच्या आत बसवता येते. हेपॅटायटिस बीची लस आणि इतर लैंगिक संसर्गांवरची औषधे यांविषयीही विचारा. न्यायवैद्यक नमुने अनेक ठिकाणी ७२ ते १२० तासांपर्यंत घेतले जातात. तपासणीच्या प्रत्येक टप्प्यासाठी तुमची परवानगी घेतली गेली पाहिजे आणि तुम्ही एखादा टप्पा नाकारू शकता. तो नाकारल्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत. भारतात सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर अशा व्यक्तीला मोफत उपचार देण्याचे बंधन आहे. त्यासाठी आधी फिर्याद नोंदवण्याची अट नाही. रुग्णालयाला मात्र पोलिसांना कळवावे लागते.

आठवत नाही, तरीही लिहून ठेवा

झोपेतल्या अत्याचाराची फिर्याद डळमळते ती बहुधा इथे. पीडित व्यक्तीला सलग गोष्ट सांगता येत नाही आणि ऐकणाऱ्याला सलग गोष्टच हवी असते. मग मधल्या रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या जातात आणि महिन्यांनी उलटतपासणीत तोच अंदाज खोटा ठरवून संपूर्ण जबाबावर शंका घेतली जाते. म्हणून जागा रिकाम्या राहू द्या. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, तीन वेगळ्या भागांत लिहा. पहिल्या भागात फक्त तुम्हाला स्वतःला आठवते ते : किती वाजता झोपलात, खोलीत कोण होते, अंगावर काय होते, दाराला कडी होती का, काय प्यायले किंवा खाल्ले होते. दुसऱ्या भागात जाग आल्यावर जे दिसले किंवा जाणवले ते. तिसऱ्या भागात इतरांनी सांगितलेले, सांगणाऱ्याच्या नावासह.

दुसरा भाग जितका बारीक तितका बोलका. "माझ्यासोबत काहीतरी झाले होते" या वाक्यापेक्षा पुढची टिपणे कितीतरी वजनदार असतात : "झोपताना शर्टाची सगळी बटणे लावलेली होती. उठले तेव्हा वरची तीन उघडी होती. पांघरूण पायथ्याशी होते. मोबाइल उशीखाली ठेवला होता, तो खाली जमिनीवर उपडा पडलेला होता. डाव्या मनगटावर लाल वळ होता, तो रात्री नव्हता." आठवत नसेल तिथे "आठवत नाही" असेच लिहा. नंतर काही आठवले, तर जुन्या मजकुरात फेरफार न करता खाली तारीख टाकून वेगळे लिहा.

संबंधित व्यक्तीचे संदेश पुसू नका. "काल जे झाले त्याबद्दल सॉरी", "तूही जागीच होतीस ना" अशा ओळी त्या व्यक्तीच्याच हातच्या असतात आणि म्हणून मोलाच्या ठरतात. पडद्याची छायाचित्रे काढा आणि मूळ संदेशही राहू द्या. चित्रफीत किंवा फोटो काढले गेल्याचे कळले, तर ते पुरावा म्हणून कुणाला पुढे पाठवू नका. कुठे पाहिले, कुणाकडे आहेत, एवढी नोंद करून तपास यंत्रणेवर सोपवा.

तक्रार करावी की नाही

हा निर्णय प्रौढ पीडित व्यक्तीचा आहे. तो घाईने घेण्याची गरज नाही, पण वैद्यकीय तपासणी मात्र निर्णयासाठी थांबत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा : आधी तपासणी, मग विचार. तक्रार द्यायचे ठरले, तर सोबत एखादी व्यक्ती न्या, लिहून ठेवलेले टिपण न्या आणि जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. "मी झोपले होते आणि संमती दिली नव्हती" हे वाक्य जबाबात त्याच शब्दांत आले आहे की "ती गप्प राहिली" असे काहीतरी त्याजागी आले आहे, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. भारतात घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असली, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, स्त्रीचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तुमच्याकडे कुणी हे सांगितले, तर

ऐकून घ्या आणि विश्वास ठेवा. "स्वप्न पडले असेल", "झोपेत चुकून हात लागला असेल", "इतके कसे कळले नाही", ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात आणि पुढचे बोलणे कायमचे बंद करतात. विचारायचे ते एवढेच : "आता सुरक्षित आहेस का? डॉक्टरांकडे मी सोबत येऊ का?" त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय इतरांना सांगू नका आणि आरोपीला गाठून हिशेब चुकता करायला तर मुळीच जाऊ नका, त्याने पुरावेही जातात आणि धोकाही वाढतो.

मेजवानीत किंवा प्रवासात कुणी नशेत झोपी गेले असेल, तर त्या व्यक्तीला कुशीवर वळवून झोपवा, श्वासावर लक्ष ठेवा आणि "मी घरी सोडतो" म्हणणाऱ्या अर्धवट ओळखीच्या माणसाच्या हवाली करू नका. श्वास मंद किंवा अनियमित असेल, हलवूनही प्रतिसाद येत नसेल, तर झोप उतरेल म्हणून वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा.

आपल्याच हातून असे घडते आहे, असे वाटत असेल तर

झोपेत चालावे तसे झोपेतच लैंगिक वर्तन करण्याचा विकार खरोखर अस्तित्वात आहे. २००३ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी त्याला 'सेक्सोम्निया' असे नाव दिले. गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याच्या विकारांच्या गटात तो मोडतो. जागरण, ताण आणि झोपेत श्वास अडखळण्याचा आजार यांनी तो बळावतो आणि सकाळी त्या व्यक्तीला काहीही आठवत नाही. जोडीदाराने असे सांगितले, तर ते हसण्यावारी न नेता त्याच रात्रीपासून वेगळ्या खोलीत झोपा, दुसऱ्यांच्या घरी किंवा सामायिक खोलीत झोपणे टाळा आणि निद्राविकारतज्ज्ञाकडून रात्रभराची झोपतपासणी करून घ्या. उपचार उपलब्ध आहेत. मात्र हे निदान तज्ज्ञाने करायचे असते. घडलेले आठवते, दार लावल्याचे आठवते, समोरची व्यक्ती हलली तेव्हा थांबल्याचे आठवते, अशा माणसाला हा विकार लागू पडत नाही. त्याने जागेपणी झोपलेल्या व्यक्तीवर अत्याचार केलेला असतो. त्याने माफीसाठी त्या व्यक्तीमागे लागू नये, संपर्क तिच्या इच्छेवर सोडावा आणि वकील व समुपदेशक यांच्यासमोर खरे बोलावे.

नंतरची झोप

इतर अत्याचारांपेक्षा इथे एक अडचण वेगळी असते : जिथे थकवा उतरायचा, ती झोपच धोक्याची जागा होऊन बसते. दिवे लावून झोपणे, दाराची कडी तीनदा तपासणे, पहाटेपर्यंत जागून दिवसा झोपणे, हे सुरुवातीला स्वाभाविक आहे आणि त्यावरून स्वतःला किंवा दुसऱ्याला रागावण्याचे कारण नाही. कडी बसवून घ्या, पलंगाची जागा बदला, भिंतीकडे पाठ करून झोपणे बरे वाटत असेल तर तसे झोपा. झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना घटना सांगितल्याशिवाय घेऊ नका, कारण औषधाने आलेली गुंगी काहींना त्या रात्रीचीच आठवण करून देते. महिनाभरानंतरही दचकून उठणे, त्याच त्या प्रसंगाची स्वप्ने पडणे किंवा झोपायला जाण्याचीच धास्ती वाटणे चालू राहिले, तर आघातावर केंद्रित मानसोपचार घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या अशा उपचारपद्धती आहेत आणि त्यांचा उपयोग घटनेला वर्षे लोटल्यानंतरही होतो. पुढे कुणासोबत राहण्याची वेळ आली, तर सगळा इतिहास सांगण्याचे बंधन नाही. "मला झोपेत हात लावून उठवू नकोस, दारातून नावाने हाक मार" एवढे सांगितले तरी पुरते.